विजेच्या हाताचे दुखणे

मोटारगाड्यांच्या कारखानदारांनी आपल्या मालाची तारीफ करण्यात आजवर कधी कसूर केलेली नाही. म्हणूनच १९३५ साली अमेरिकेतील हडसन कंपनीने केलेली एक गोष्ट मोठी प्रांजळ वाटते. त्या वर्षी तिने आपल्या गाड्यांवर 'इलेक्ट्रिक हँड', म्हणजे 'विजेचा हात', नावाची सोय देऊ केली. पायांपाशी उभा असणारा गिअरचा लांबलचक दांडा गेला आणि सुकाणूच्या चाकाखाली एक चिमुकली खिट्टी आली. खिट्टी हलवली की विजेचा इशारा जाई, आणि इंजिनाच्या शोषणशक्तीवर चालणारी यंत्रणा गिअर बदली. एवढे करून कंपनीने जुन्या धर्तीचा एक दांडा डॅशबोर्डखाली अडकवूनच दिला होता. विजेचा हात लुळा पडला, तर दांडा बसवावा आणि घर गाठावे!

चढावर ताकद हवी, सपाटीवर वेग हवा. इंजिनाकडून या दोन्ही गोष्टी घ्यायच्या म्हणजे गिअर बदलणे आले. ही कटकट चालकाच्या डोक्यावरून पुरती उतरवली ती जनरल मोटर्सच्या 'हायड्रामॅटिक'ने. अर्ल थॉम्प्सन यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेला हा गिअरबॉक्स १९४० सालच्या ओल्डस्मोबिल गाड्यांवर आला, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या एम ५ रणगाड्यांतही बसला. त्याचा सारा कारभार तेलाच्या दाबावर चाले. बिघाड झाला तर मिस्त्री तेल पाही, ते जळके वास मारते का हे हुंगे, दाबमापक लावी. रोग आणि त्याची लक्षणे एकाच पेटीत असत.

वीज मध्ये आली आणि रोग एकीकडे, लक्षण दुसरीकडे असे होऊ लागले. १९५६ साली क्रायस्लरने गिअर बदलण्यासाठी बटणे आणली. पण त्या बटणांमागे साधी पोलादी केबल होती, आणि ती बटणे १९६४ सालापर्यंत टिकली. फोर्ड कंपनीच्या १९५८ सालच्या एडसेल गाडीत मात्र बटणे सुकाणूच्या चाकाच्या मध्यभागी बसवली, आणि तेथून गिअरबॉक्सवरील विजेच्या मोटरीपर्यंत तारा नेल्या. भोंगा वाजवायला म्हणून हात जाई तो बटणांवर! त्यातून गाडी उतारावर 'पार्क'मध्ये उभी असली की तिचा सारा भार गिअरबॉक्समधल्या अडसरावर येई, आणि तो अडसर ओढून काढण्याचे बळ त्या मोटरीत नसे. तेव्हा आधी हँडब्रेक ओढा, मग बटण दाबा, असे गिऱ्हाइकांना शिकवावे लागले. गिअरबॉक्सचा यात काडीचाही दोष नव्हता. पुढच्याच वर्षी ही बटणे गेली आणि १९५९ साल सरता सरता एडसेलही गेली.

पण वीज गेली नाही. १९८९ सालच्या क्रायस्लर गाड्यांवर आलेल्या 'अल्ट्राड्राइव्ह' गिअरबॉक्समध्ये तर तेल केव्हा कुठे सोडायचे हे संगणक ठरवू लागला. त्याचे हस्तक म्हणजे सोलेनॉइड. हे तारेचे एक वेटोळे असते. त्यातून वीज वाहिली की ते लोहचुंबकासारखे वागते आणि तेलाची झडप हलवते. संगणकाला काही वावगे दिसले तर तो ही वीजच तोडून टाकी, आणि पुढे जाण्यासाठी फक्त दुसरा गिअर उरे. हडसनच्या जादा दांड्याचाच हा नवा अवतार: गाडी लंगडत का होईना, घरी पोचावी. मात्र मालकाला वाटे, गिअरबॉक्स संपला.

येथेच निदानाची कसोटी लागते. १९९६ सालापासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारगाडीला आपले दुखणे ठराविक अंकांत सांगणे बंधनकारक झाले. पी ०७०० हा अंक एवढेच सांगतो, की गिअरबॉक्सच्या नियंत्रणात तक्रार आहे, पुढे चौकशी करा. पी ०७५३ सांगतो, की गिअर बदलणाऱ्या पहिल्या सोलेनॉइडच्या विद्युत्‌मार्गात दोष आहे. मार्गात! त्या मार्गावर वेटोळे आहे, तारा आहेत, जोड आहेत आणि खुद्द संगणकही आहे. अंक गल्ली दाखवतो, घर दाखवत नाही.

घर शोधायचे साधन जुनेच आहे. ब्रिटिश पोस्ट खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकाडी याला अनेक मापकांचे ओझे वागवण्याचा कंटाळा आला, आणि त्यातून १९२३ साली अँपिअर, व्होल्ट व ओहम ही तिन्ही मापे दाखवणारा 'ॲव्होमीटर' बाजारात आला. त्याचा वंशज आज प्रत्येक वायरमनच्या पिशवीत असतो. पण तो कसा लावावा यात खरी मेख आहे. रहाटाचा दोर झिजून एकाच पेडावर आला, तरी रिकामी बादली तो निमूटपणे धरतो; भरलेली बादली ओढताना तुटतो. तारांचेही तसेच. वीज बंद करून तपासले तर गंजलेला जोड धडधाकट भासतो. समजा, बॅटरीकडे परतणाऱ्या अर्थच्या तारेत फक्त ०.१ ओहम जादा अडथळा आहे. साधा मीटर तो जवळजवळ दाखवणारच नाही. पण त्यातून २० अँपिअर वाहू लागले की २ व्होल्ट तेथेच गडप होतात. १२ व्होल्टवर जगणाऱ्या संगणकाच्या वाट्याला १० उरतात, आणि तो भलत्यालाच दोष देऊ लागतो. म्हणून जाणता वायरमन आधी बॅटरी पाहतो, मग अर्थ, मग जोड. आणि तेही वीज वाहत असताना, गिअरबॉक्स तापलेला असताना, तारा हलक्या हाताने हलवत.

गिअरबॉक्स उतरवणे ही मोठी शस्त्रक्रिया आहे. निदान चुकले तर निरोगी अवयव कापला जातो, आणि खर्च कुटुंबाच्या माथी बसतो. नवा गिअरबॉक्स बसवूनही तोच अंक पुन्हा उमटला, की मग कुणाला तरी त्या हिरव्या पडलेल्या जोडाची आठवण होते. हडसनच्या माणसांना ही शक्यता पहिल्याच वर्षी दिसली होती. आजच्या गाडीत तो जादा दांडा नसतो. त्याचे काम आता एका माणसाच्या सबुरीला करावे लागते.