कापसाच्या वाटेने आलेले नाटक

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत पहिले नाटक केले, ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले, दरबारची मदत आटली आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव खेळ करत हिंडावे लागले. तेव्हापासून सुमारे ऐंशी वर्षे मराठी नाटक फिरतीवर जगले. एकाच गावी बसून पोट भरावे एवढा प्रेक्षक पुण्यातही नव्हता. तीच माणसे तीच नाटके किती वेळा पाहणार? मंडळ्या हलत राहिल्या, आणि त्यांच्या वाटेवर अकोला, खामगाव, अमरावती ही वऱ्हाडातली गावे मानाची ठरली.

याचे कारण कापूस. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी चालू होती. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतल्या मालाला एकाएकी भाव चढला. पाठोपाठ १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळहून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत नागपूरला पोचली. बडनेऱ्याहून अमरावतीला आणि जलंबहून खामगावला फाटे निघाले. पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला अरुंद रूळ गेले. हे रूळ मुंबईकडे गाठी नेण्यासाठी टाकलेले होते. त्यांच्यावरूनच पडदे, पेट्या आणि नटमंडळी उलट दिशेने वऱ्हाडात आली. वेचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होई, जिन रात्रंदिवस चालत, अडत्यांच्या दारी बंड्यांची रांग लागे आणि शेतकऱ्याच्या हातात वर्षातून एकदाच रोकड खुळखुळे. नाटकवाल्यांना यापेक्षा चांगला हंगाम कुठला मिळणार?

नाटक मंडळी म्हणजे चालते बिऱ्हाड होते. मोठ्या संगीत मंडळीत पन्नास-पाऊणशे माणसे सहज असत: राजापार्टी आणि स्त्रीपार्टी नट, पेटीवाला, तबलजी, सारंगीवाला, पडदे रंगवणारा, कपडेपट सांभाळणारा, आचारी, पाणके, आणि गळा गोड म्हणून लहानपणीच घरून आणलेली मुले. मॅनेजर आधी पुढे जाऊन थिएटर किंवा मांडव ठरवी, उतरायला एखादा वाडा भाड्याने घेई आणि हँडबिले वाटी. मग सामान उतरे. सकाळी तालीम, दुपारी एक पंगत, रात्री खेळ. आणि खेळ पहाटेपर्यंत चाले, कारण पदांना ‘वन्स मोअर’ पडत. मुलांचे शिक्षण त्या वाड्यातच होई. गाणे शिकवायला गवई असे, अक्षरओळख कोणीतरी वडीलधारा नट करून देई. आजारपण, बारशी, सुतक, सगळे फिरतीवरच निभावे. पगार थकले तरी पंगत मोडत नसे. नटांना धरून ठेवण्यात कराराइतकाच या पंगतीचा वाटा होता असे मानायला जागा आहे. मंडळी बुडाली की मात्र पेट्या आणि पडदे सावकाराकडे जात, आणि माणसे दुसऱ्या बिऱ्हाडात सामील होत.

काही मंडळ्या तर अक्षरशः एका कुटुंबाच्या होत्या. दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या १९१३ च्या चित्रपटात आई दुर्गाबाई कामत हिच्यासोबत झळकलेल्या कमलाबाईंचे लग्न रघुनाथराव गोखले यांच्याशी झाले, आणि गोखल्यांच्या चित्ताकर्षक नाटक मंडळीत त्या नायिका म्हणून उभ्या राहिल्या. पुरुषांनी लुगडे नेसून स्त्रीभूमिका करण्याच्या त्या काळात घरच्या सुनेने रंगभूमीवर येणे मोठ्या धाडसाचे होते. पती अकाली गेल्यावर त्यांनी याच व्यवसायावर तीन मुलगे वाढवले. त्यांतले चंद्रकांत गोखले पुढे नामांकित नट झाले.

वऱ्हाडने मंडळ्यांना पैसा दिला, तसे आश्रयदाते आणि नाटककारही दिले. अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे यांना नाटक आणि गाण्याचे विलक्षण वेड होते. १९०५ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वऱ्हाडातच वकिली करत. त्यांची ‘वीरतनय’ (१८९६) आणि ‘मूकनायक’ (१९०१) ही नाटके किर्लोस्कर मंडळीने रंगवली. अमरावतीच्याच वीर वामनराव जोशींचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शने १९१३ मध्ये उचलले, आणि ‘रणदुंदुभी’ १९२७ मध्ये दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत संगीत मंडळीने. म्हणजे वऱ्हाड हा नुसता कमाईचा मुलूख नव्हता. अमरावतीचे इंद्रभुवन थिएटर तर खेळांपलीकडेही गावाच्या उपयोगी पडले. १९२७ च्या नोव्हेंबरात अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या चळवळीच्या दिवसांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील वऱ्हाड प्रांतिक परिषद तिथेच भरली.

उतार दोन बाजूंनी लागला. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले आणि वऱ्हाडातली रोकड आटली. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला. बोलपटाला ना आचारी लागे ना वाडा. एक पेटी रेल्वेने आली की रोज तीन खेळ. नाटकगृहांचे मालक तिकडे वळले आणि मंडळ्या एकामागून एक मोडल्या. ‘बळवंत’ने स्वतः चित्रपट काढून पाहिला, १९३४ चा ‘कृष्णार्जुन युद्ध’, पण तो चालला नाही. १९४२ मध्ये दीनानाथ वारले तेव्हा थोरली लता बारा वर्षांची होती. नाटकाच्या बिऱ्हाडात गाणे शिकलेल्या या मुलीने त्याच वर्षी चित्रपटात काम धरले आणि भावंडांचा संसार खांद्यावर घेतला.

फिरता खेळ वऱ्हाडातून संपला नाही, तो गाव सोडून यात्रेत गेला. सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमची यात्रा ऐन थंडीत महिनाभर चालते, आणि तिची वेळही कापूस विकून झाल्यानंतरचीच. तिथे तमाशाच्या राहुट्या पडत. पुढे तंबूतला सिनेमाही आला. तमाशाच्या फडात आई, मुली, भाऊ एकाच राहुटीत राहत, दिवसा तिथेच चूल पेटे आणि रात्री तिथूनच खेळाला जात. गाडगेबाबांनी याच यात्रेत कीर्तने करून पशुबळीविरुद्ध लोक जागे केले. तमाशे पुढे बंद झाले; यात्रा मात्र दरवर्षी भरते, आणि मटणाची हंडी व रोडगे खायला अमरावती-अकोल्याची माणसे तिकडे जातात.