कर्जखत ते बचतवही

पुणे जिल्ह्यातील गरिबांच्या कर्जाचा इतिहास हा बऱ्याच अंशी कर्जाच्या कागदाचा इतिहास आहे, कारण कर्ज कुटुंबाला उभे करणार की बुडवणार हे रक्कम आणि व्याज यांच्या इतकेच हिशेब कोणाच्या हाती आहे यावर ठरत आले. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर चालून गेले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जखतांवर, म्हणजे ऋणकोची निशाणी घेतलेल्या लेखी करारांवर होता. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते, सरकारने शेतसारा वाढवला होता आणि स्वतःला वाचता न येणाऱ्या कागदापायी जमीन हातची जात होती. म्हणून ती खते हिसकावून जाळण्यात आली.

१८७९च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने सावकारावर पावती आणि हिशेब देण्याचे बंधन घातले, तरी कर्ज देणारा हात तोच राहिला. १९०४च्या सहकारी पतसंस्था कायद्याने दहा व्यक्तींना एकत्र येऊन पतसंस्था काढण्याची मुभा दिली. ग्रामीण संस्थेत अमर्याद जबाबदारीचे तत्त्व होते, म्हणजे संस्थेच्या कर्जाला सर्व सभासद मिळून बांधील असत. मात्र सोसायटीचे कर्ज प्रामुख्याने जमीनधारकाचे राहिले, आणि ज्यांच्या नावावर जमीन नव्हती अशा मजुरांना व बहुसंख्य स्त्रियांना त्याचा लाभ क्वचितच झाला.

ही उणीव भरून काढण्याचे काम स्त्रियांच्या संघटनांनी केले. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवण पुरवणाऱ्या खाणावळवाल्यांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून त्यांना बँकेची दारे उघडून दिली. पुढे पुणे जिल्ह्यातच, खेड तालुक्यात, राजगुरुनगरच्या चैतन्य संस्थेने बचत गटांची बांधणी केली, आणि १९९२ मध्ये नाबार्डने गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम हाती घेतला. दहा ते वीस बायकांचा गट दरमहा ठरावीक बचत करतो आणि त्यातूनच सभासदांना कर्ज देतो. बैठकीत पैसे सर्वांसमक्ष मोजले जातात, कोणाचा किती हप्ता आला हे मोठ्याने वाचले जाते आणि तेच प्रत्येकीच्या वहीत चढवले जाते, त्यामुळे जिला अक्षरओळख नाही तिलाही आपला हिशेब ठाऊक असतो.

पवनाकाठचे रहाटणी हे शेतकरी गाव पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारीबरोबर दाट वस्तीचे उपनगर झाले, आणि तेथे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाकडे तारण ठेवण्यासाठी त्या भागातला सातबारा नसतो. अशा घरातील स्त्रीला शिलाई यंत्रासाठी किंवा पोळीभाजीच्या डब्यांच्या भांडवलासाठी गटातील ओळख हीच पत ठरते. महानगरपालिका भरवत असलेल्या पवनाथडी जत्रेत अशा गटांच्या मालाला ग्राहकही मिळतो, आणि ग्राहक मिळाला तरच हप्ता कमाईतून फिटतो. केवळ कर्जाने गरिबी हटत नाही, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा देशांतील अभ्यासांनीही दाखवले. त्यांपैकी हैदराबादच्या पाहणीतही कुटुंबांच्या राहणीमानात आमूलाग्र बदल आढळला नाही. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात घाईघाईने वाटलेली कर्जे वसूल करताना गरिबांवर पुन्हा जुनाच जाच ओढवला होता. म्हणून लहान कर्जाची खरी कसोटी वाटलेल्या रकमेत नसून, ऋणको स्त्री आपली वही स्वतः उघडून उरलेली बाकी सांगू शकते की नाही, यात आहे. सुप्याच्या शेतकऱ्यांजवळ नेमकी तीच वही नव्हती.