ग्रीनस्टेड चर्च
इंग्लंडच्या एसेक्स काउंटीतील चिपिंग ऑंगरजवळचे लाकडी पॅरिश चर्च. ओकचे ओंडके उभे चिरून, सपाट बाजू आत व गोल बाजू बाहेर ठेवून रचलेल्या भिंती हे त्याचे वैशिष्ट्य. त्या भिंती नवव्या शतकातील मानल्या जात. १९९५ मधील वृक्षवलय-परीक्षणाने मात्र ओक सुमारे १०६३ ते ११०८ या काळात तोडल्याचे दाखवले. याविरुद्ध परंपरेचा दाखला दिला जातो: १०१३ मध्ये लंडनहून परत नेताना संत एडमंडचा देह ऑंगरजवळच्या लाकडी प्रार्थनागृहात विसावला होता. पण ती परंपरा खरी धरली तरी ती जागेचे प्राचीनत्व सांगते, आजच्या भिंतींचे नव्हे. जुने लाकूड पुन्हा वापरले असेल, ही शंकाही नवव्या शतकाच्या दाव्याला आधार देत नाही. तसे असल्यास बांधकाम आणखी अलीकडचे ठरेल. विटांचा वेदीकक्ष तर सुमारे १५०० चा. १८४८-४९ च्या जीर्णोद्धारात ओंडक्यांची कुजलेली टोके कापून ते विटांच्या पायावर बसवले गेले. म्हणून काहींना ही वास्तू व्हिक्टोरियन वाटते. छताबाबत हा आक्षेप रास्त आहे, भिंतींबाबत नाही. वय घटले तरी उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या लाकडी चर्चांत तिची गणना होतेच.