रस्त्यावरचा वडा आणि पालिकेचा कायदा

दादर स्थानकाबाहेर उभ्याने वडापाव न खाल्लेला माणूस या सभागृहात क्वचितच असेल. परंतु तो वडा तळणारा कायद्याच्या लेखी कोण होता, हे पाहू गेल्यास 1888 पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी मुंबई महापालिकेचा कायदा झाला. रस्त्यावर मांडलेला माल पूर्वसूचनेवाचून उचलण्याचा आयुक्तांचा अधिकार येतो तो त्याच्या कलम 314 मधून. म्हणजे कायद्याला फेरीवाला दिसला तो अडथळा म्हणून.

1978 च्या सुमारास पालिकेने नवे परवाने देणे थांबवले. चारच वर्षांनी, 18 जानेवारी 1982 रोजी, गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. कित्येकांचे काम परत मिळालेच नाही, आणि त्यांतले अनेक पाटी घेऊन रस्त्यावर आले. दारे बंद झाल्यावर माणसे वाढली, असा हा प्रकार. 1998 च्या सुमारास टाटा समाजविज्ञान संस्था व ‘युवा’ यांनी मोजणी केली, तेव्हा पालिकेच्या जागेवर एक लाखाहून अधिक फेरीवाले आढळले. परवाने होते पंधरा हजारांच्या घरात!

मधल्या काळात, 1985 साली, सर्वोच्च न्यायालयाने पालिकेची योजना काही फेरबदल करून मान्य केली. एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागा. टेबल नको, हातगाडी नको, डोक्यावर ताडपत्रीही नको. भाजीच्या टोपलीला हे एक वेळ चालेल. ज्याच्यापाशी पेटती शेगडी, उकळत्या तेलाची कढई आणि पिठाचे पातेले, त्याने काय करावे?

आम्ही संघटनेच्या कामाला लागलो तेव्हा या प्रश्नाचे उत्तर गाडीवाल्यांनीच शोधून ठेवलेले होते. धंदा इतकाच ठेवायचा, की पालिकेची गाडी दिसताच तो उचलून पळता यावे. चांगली शेगडी घ्यायची नाही, कारण ती जप्त होणार. झाकणाचे कपाट नाही, पाण्याची मोठी टाकी नाही. मग लोक म्हणतात, अन्न उघडे, हात अस्वच्छ. तक्रार खरी आहे. पदपथावरून वाट न मिळणाऱ्या म्हाताऱ्याचीही खरी आहे. पण स्वच्छतेला लागणारे भांडवल रस्त्यावर घालण्याची सोयच ठेवलेली नव्हती. पालिका 1988 पासून काही वर्षे रोजची पावती फाडत असे. तिने पैसे जात, हक्क येत नसे. हप्ता निराळा.

याच गिरणगावात खाणावळी चालविणाऱ्या बायांना प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त एकत्र केले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्यांच्या स्वयंपाकाला चार भिंती होत्या. गाडीवाल्याला कर्ज मागायला पत्ताच नव्हता, आणि सावकार मात्र पत्ता विचारत नसे.

1989 साली सर्वोच्च न्यायालयाने पदपथावरील विक्री हा, निर्बंधांसह का होईना, व्यवसायाचा मूलभूत हक्क मानला. त्या हक्काचा कायदा व्हायला 2014 उजाडले. आधी पाहणी, मग प्रमाणपत्र, तोवर कोणाला उठवायचे नाही. नगर समितीत चाळीस टक्के सभासद फेरीवाल्यांनी निवडलेले. 2020 साली केंद्राने दहा हजारांचे कर्ज देऊ केले तेव्हा प्रमाणपत्र नसलेल्यांसाठी शिफारसपत्राची तरतूद करावी लागली. सहा वर्षांत प्रमाणपत्रे किती हातांत पडली होती, ते त्यावरून कळते.