खुडूक

कोंबडी अंडी घालायची थांबते, खुराड्यात अंग फुगवून बसते, हात घातला की टोचते.. ती "खुडूक" झाली. शहरातल्या भाचरांना हा शब्द समजावून सांगावा लागतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

इतिहासात इंदापूर येतं ते जमीनमोजणीमुळे. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी इथे जमिनीची प्रत पाहून सारा ठरवला, आणि मुंबई इलाख्यातली नवी सारापद्धत इथूनच पुढे पसरली. नंतर १८८५ साली नीरा डावा कालवा आला. ज्या गावांना पाणी मिळालं ती बागायत झाली, उरलेली जिरायतच राहिली. जमीन आणि पाणी, दोन्ही बाप्याच्या नावावर. कोंबडीला यातलं काहीच लागत नाही. ती उकिरड्यावर पोट भरते आणि तिच्या अंड्यांचे चार पैसे बाईच्या हातात येतात.

देशी कोंबडी वर्षाला पन्नास-साठच अंडी देते, पण खुडूक झाली की ती घरचं उबवणी यंत्रच! पाटीत भुसा घालून दहा-बारा अंडी मांडायची, तिला रवणीला बसवायची. सातव्या-आठव्या दिवशी अंडं दिव्यासमोर धरून पाहायचं, फोल निघालं तर काढून टाकायचं. एकविसाव्या दिवशी पिल्लं. पिल्लं नको असतील तर खुडूक मोडायची. तळाला हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, उजेडात, दाणापाणी देऊन तीन-चार दिवस ठेवली की बहुधा ती उठते. पोटाला गारवा मिळाला की उबवण्याची ओढ ओसरते.

गंमत अशी, की यंत्रं आली आणि हाच गुण दोष ठरला. व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींतून खुडूकपणा निवडून निवडून काढला गेला, कारण खुडूक कोंबडी म्हणजे बुडालेली अंडी. तरी तो पुरता मेलेला नाही. डार्विनने १८६८ च्या ग्रंथात नोंदवलंय, की न बसणाऱ्या दोन जातींचा संकर केला तर पिलावळ पुन्हा अंड्यांवर बसू लागते!

१९७१ साली बारामतीत अप्पासाहेब पवारांचा कृषी विकास ट्रस्ट उभा राहिला. त्याच वर्षी बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. पुढे अंडी स्वस्त झाली, मुलांच्या ताटात आली, हे चांगलंच झालं. त्याबद्दल तक्रार नाही.

पण हिशेबाची एक बाजू राहते. परसातल्या पालनासाठी काढलेली वनराजासारखी सुधारित कोंबडी अंडी जास्त देते, पण सहसा खुडूक होत नाही. म्हणजे दर खेपेला पिल्लं विकत आणायची. जिच्याकडे दोन देशी कोंबड्या आहेत, तिचं बियाणं घरचंच आहे. म्हणून कुणी कोंबड्या पाळायच्या म्हणालं तर मी एवढंच सांगते, सुधारित खुशाल आणा, पण खुराड्यात एक तरी खुडूक होणारी असू द्या.