खेळाडू कोणाचा? सी. के. नायडूंच्या नागपूरपासून जामठ्याच्या अंतिम सामन्यापर्यंत

वाशीम जिल्ह्यातले शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे देशभर ठाऊक आहे. तिथे जन्मलेल्या एखाद्या मुलाच्या हाती चेंडू वळू लागला, तर तो कोणाच्या संघाचा? उत्तर नियमात ठरलेले आहे: विदर्भ क्रिकेट असोसिएशनचा. विदर्भाचे अकराही जिल्हे या संघटनेच्या कक्षेत येतात. त्या मुलाने कुठे सही केलेली नसते. कोणी त्याला विकत घेतलेले नसते. तो ज्या मातीत जन्मला, तिने त्याचा संघ ठरवलेला असतो.

जपानच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये हाच प्रश्न निराळ्या तऱ्हेने सुटतो. तिथे संघ कंपन्यांचे आहेत. १९६५ पासून नवे खेळाडू निवडपद्धतीने संघांमध्ये वाटले जातात. एकदा नाव एखाद्या संघाकडे गेले, की खेळाडूवर हक्क त्या संघाचा. ठरावीक मोसम सेवा केल्यावर स्वतःच्या मर्जीने संघ निवडण्याची मुभा त्यांना १९९३ मध्ये मिळाली. त्याच हिवाळ्यात हिरोमित्सू ओचिआई हा नामांकित फलंदाज चुनिची संघ सोडून योमिउरी जायंट्सकडे गेला. तेव्हापासून मोसम संपला, की कोण कुठे जाणार याची चर्चा जपानी वृत्तपत्रांना महिनोन्‌महिने पुरते.

भारतीय क्रिकेटमध्ये अशी मुभा कोणत्याही एका दिवशी जाहीर झाली नाही. तरी खेळाडू शंभर वर्षांपासून संघ बदलत आले आहेत. ते का गेले, कोणी नेले आणि मागे राहिलेल्यांचे काय झाले, हे पाहायला विदर्भाइतकी चांगली जागा दुसरी नाही.

सुरुवात नागपुरातच होते. कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. घर तेलुगू भाषकांचे, शाळा आणि मैदान नागपूरचे. १९१६ मध्ये ते मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाकडून उतरले. अल्पावधीत त्यांच्या उत्तुंग फटक्यांची कीर्ती सर्वत्र पसरली. पण कीर्तीवर घर चालत नाही. नागपुरात त्या काळी खेळाडूला पोसणारा दरबार नव्हता. मध्य प्रांताच्या राजधानीत सरकारी कचेऱ्या होत्या, कापसाच्या पेढ्या होत्या, पण संस्थान नव्हते. १९२३ मध्ये इंदूरच्या होळकर दरबाराचे निमंत्रण आले. नायडू गेले. होळकरांच्या फौजेत त्यांना कॅप्टनचा हुद्दा मिळाला.

या प्रसंगाचे वर्णन बहुधा गुणग्राहकतेची कथा म्हणून केले जाते. ती तशी आहेच. परंतु नागपूरच्या बाजूने पाहिले, तर ती एका निर्गमनाचीही कथा आहे. १९२६ च्या डिसेंबरात याच गृहस्थांनी मुंबई जिमखान्यावर एमसीसीविरुद्ध ११ षटकारांसह १५३ धावा केल्या. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीत नाणेफेकीला तेच गेले. तोवर जग त्यांना इंदूरचे म्हणून ओळखत होते.

१९३४ मध्ये रणजी स्पर्धा सुरू झाली, तेव्हा ‘मध्य प्रांत आणि वऱ्हाड’ या नावाचा संघ तीत होता. आजचा वाशीम जिल्हा तेव्हा अकोल्यात, म्हणजे वऱ्हाडात मोडत असे. या संघापाशी मैदाने होती, हौस होती, पण आपल्या सर्वांत मोठ्या खेळाडूला घरी ठेवण्याचे साधन नव्हते.

ते साधन संस्थानिकांपाशी होते. यशवंतराव होळकरांच्या आश्रयाने आणि नायडूंच्या नेतृत्वाखाली इंदुरात जो संघ उभा राहिला, त्यात मुश्ताक अली इंदूरचे, चंदू सरवटे सागरचे, तर हिरालाल गायकवाड पुन्हा नागपूरचे. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तर डेनिस कॉम्प्टन हा इंग्लंडचा फलंदाज होळकरांकडून खेळला! दुसऱ्या महायुद्धामुळे तो सैनिक म्हणून महूच्या छावणीत होता. त्याने नाबाद २४९ धावा केल्या आणि तरीही मुंबईने सामना जिंकला. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा मोसमांत होळकर संघ दहा वेळा अंतिम फेरीत पोहोचला आणि चार वेळा विजेता ठरला.

मराठी मुलखातले खेळाडू या ओढीत सर्वाधिक सापडले. सांगलीच्या विजय हजारे यांचे उदाहरण मोठे मासलेवाईक आहे. डिसेंबर १९३९ मध्ये त्यांनी पुण्यात महाराष्ट्राकडून नाबाद ३१६ धावा केल्या. प्रतिस्पर्धी संघ होता बडोदा. दोन वर्षे सरली नाहीत तोच हजारे बडोदा संस्थानाच्या सेवेत दाखल झाले होते. ज्या फलंदाजाला बाद करता येत नाही, त्याला आपल्याकडे घ्यावे, हा हिशेब बडोद्याच्या दरबाराला कोणी शिकवावा लागला नाही.

पुढे मार्च १९४७ मध्ये बडोद्यातच अंतिम सामना झाला, तो होळकरांविरुद्ध. हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. प्रथम श्रेणी क्रिकेटमधली कोणत्याही गड्यासाठीची ही सर्वांत मोठी भागी २००६ पर्यंत अबाधित राहिली. त्या खेळपट्टीवरची एक जोडी सांगली आणि लाहोरची, समोरच्या संघाचा अध्वर्यू नागपूरचा, आणि सामना मात्र बडोदा विरुद्ध इंदूर. पाच महिन्यांनी फाळणी झाली. गुल महंमद यांनी कालांतराने पाकिस्तानचे नागरिकत्व घेतले आणि १९५६ मध्ये त्या देशाकडूनही एक कसोटी खेळले. संघ बदलण्याचा याहून मोठा प्रकार क्रिकेटमध्ये क्वचितच सापडेल.

भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. डिसेंबर १९४८ मध्ये महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध ते नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर आलेला असताना काठेवाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला. ही हकीकत सर्वांना ठाऊक असते. त्यानंतर निंबाळकरही होळकर संघात गेले आणि उत्तरायुष्यात रेल्वेकडून खेळले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

रेल्वे हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. संस्थाने विलीन झाली आणि दरबारी हुद्द्यांची जागा नोकऱ्यांनी घेतली. सेनादल आणि रेल्वे यांचे स्वतःचे रणजी संघ झाले. मुंबईत टाइम्स शील्ड स्पर्धेसाठी कंपन्या व बँका खेळाडूंना नेमू लागल्या. अजित वाडेकर स्टेट बँकेत, सुनील गावसकर निरलॉनमध्ये. मैदानावरची कामगिरी पगारपत्रकावर उतरू लागली. नागपूर, अकोला, अमरावतीच्या मुलासाठी प्रश्न तोच राहिला, फक्त इंदूरचे नाव बदलून मुंबई, कोलकाता किंवा रेल्वे झाले.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला, पण क्रिकेटमध्ये तो स्वतंत्र राहिला. १९५७-५८ पासून ‘विदर्भ’ या नावाने रणजी संघ उतरू लागला. त्यानंतरची साठ वर्षे या संघाला एकदाही अंतिम फेरी दिसली नाही. नागपूरचा वेगवान गोलंदाज प्रशांत वैद्य बंगालकडून खेळला आणि १९९५ च्या सुमारास भारताच्या एकदिवसीय संघात पोहोचला. उमेश यादवने २०११ मध्ये कसोटी पदार्पण केले, तेव्हा कुठे विदर्भ संघातून थेट कसोटीत जाणारा पहिला खेळाडू मिळाला. त्याचे वडील नागपूरजवळच्या कोळसा खाणीत काम करत.

याच काळात प्रवाहाची दिशा उलटी करण्याची एक सोय नियमांत होती. भारतीय क्रिकेटमध्ये खेळाडू राज्य बदलू शकतो, पण त्यासाठी मूळ संघटनेचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. नव्या संघाने त्याला ‘व्यावसायिक’ म्हणून घेतले, तर असे बाहेरचे खेळाडू तीनच. ही मर्यादा साधी दिसते. पण तिच्यामागे मोठी चिंता आहे: बाहेरून आलेला प्रत्येक जण अकरा जागांपैकी एक जागा घेतो, आणि ती जागा वाशीम, बुलढाणा, गोंदियाच्या कुणा मुलाची असू शकते. खेळाडू आणणारी छोटी संघटना स्वतःच्याच मुलांना दार बंद करते का, हा वाद तेव्हाही होता आणि आजही आहे.

विदर्भाने त्या जागा जपून वापरल्या. कर्नाटकचा गणेश सतीश आला. २०१५-१६ मध्ये वसीम जाफर आला. मुंबईकडून आठ रणजी करंडक जिंकलेला, वयाची पस्तिशी ओलांडलेला सलामीवीर. मोठ्या शहरात त्याची कारकीर्द संपल्यात जमा होती. मध्ये दुखापतीने एक मोसम गेला. २०१७-१८ च्या मोसमात त्याने विदर्भाकडून मानधन घेतले नाही, असे त्या वेळच्या बातम्यांत आले होते. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित हेही मुंबईचेच.

त्या मोसमाचा अंतिम सामना दिल्लीविरुद्ध झाला, तो इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. नागपूरचा नायडू ज्यांनी नेला, त्यांच्याच नावाच्या मैदानावर विदर्भ प्रथमच अंतिम सामना खेळत होता. रजनीश गुरबानीने त्रिक साधले. रणजीच्या अंतिम सामन्यात ही कामगिरी करणारा तो केवळ दुसरा गोलंदाज. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ धावा केल्या. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ नऊ गडी राखून जिंकला आणि विजयी फटका जाफरच्या बॅटमधून निघाला. मात्र सामना फिरवणारे हात बहुतांशी विदर्भाचेच होते. कर्णधार फैज फजल नागपूरचा. तोही मध्यंतरी रेल्वेकडून खेळून परतला होता. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून विदर्भाने करंडक राखला. जाफरने त्या मोसमात १०३७ धावा केल्या, तर अंतिम सामन्यात अकरा बळी घेतले नागपूरच्या डावखुऱ्या आदित्य सरवटेने.

याच सुमारास दुसरी, अधिक श्रीमंत बाजारपेठ केव्हाच उभी राहिली होती. २० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत आयपीएलचा पहिला लिलाव झाला. नव्या पिढीला हीच खेळाडूंची खरी देवघेव वाटते. पण लिलावात खेळाडू कुठे जायचे हे ठरवत नाही; बोली लावणारा ठरवतो. २०१० मध्ये रवींद्र जडेजाने राजस्थानकडून मुक्त होण्याआधीच दुसऱ्या संघाशी बोलणी करू पाहिली, तर त्याला पूर्ण मोसम बाहेर बसावे लागले. त्या मानाने रणजीतला खेळाडू, ना हरकत प्रमाणपत्राची अडचण गृहीत धरूनही, अधिक मोकळा आहे.

हा मोकळेपणा करुण नायरला वाचवून गेला. डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ धावा करणारा हा फलंदाज पुढे भारताच्याच नव्हे, तर कर्नाटकच्या संघातूनही बाहेर पडला. २०२३-२४ मध्ये विदर्भाने त्याला घेतले. पहिल्या वर्षी वानखेडेवर मुंबईने अंतिम सामन्यात १६९ धावांनी हरवले. दुसऱ्या वर्षी त्याने रणजीत ८६३ धावा केल्या.

२६ फेब्रुवारी २०२५ रोजी नागपूरजवळ जामठ्याला अंतिम सामना सुरू झाला. विदर्भाविरुद्ध केरळ. यजमानांकडून करुण नायर. तरुण दानिश मालेवारने १५३ आणि करुणने ८६ धावा केल्या. केरळच्या फलंदाजीला ज्यांनी आधार दिला, त्यांत ७९ धावा करणारा आदित्य सरवटे होता. सहा वर्षांपूर्वी याच मैदानावर विदर्भाला करंडक मिळवून देणारा आदित्य त्या मोसमापुरता व्यावसायिक म्हणून केरळकडे गेला होता. प्रेक्षागारातल्या नागपूरकरांनी नेमके कोणत्या चेंडूला टाळ्या वाजवाव्यात, हा पेच साधा नसावा.

केरळचा डाव ३४२ वर संपला. विदर्भाने ३७ धावांची आघाडी घेतली आणि सामना अनिर्णित राहिल्याने त्या आघाडीवर तिसरा करंडक जिंकला. करुणने दुसऱ्या डावात १३५ धावा केल्या. सरवटे गेल्याने रिकाम्या झालेल्या डावखुऱ्या फिरकीच्या जागेवर हर्ष दुबे होता; त्याने मोसमात ६९ बळी घेऊन स्पर्धेचा विक्रम केला. हर्षला ती जागा मिळाली, कारण दुसऱ्या कोणीतरी गाव सोडले होते.

करुण त्यानंतर भारताच्या कसोटी संघात परतला. २०२५-२६ च्या मोसमासाठी त्याने पुन्हा कर्नाटक गाठले. त्याच वर्षी अमरावतीचा यष्टिरक्षक जितेश शर्मा विदर्भ सोडून गेला. त्याचा नवा संघ बडोदा.