आपल्या वाट्याची रेल्वे दुसऱ्यांदा हुकतेय!



पोस्ट मोठी आहे, पण विषय आपल्या दोन तालुक्यांचा आहे. सवडीने वाचा.

थंडीत दोन दिवस काढून पोरांना आगगाड्या दाखवायला निघालो. बायको, दोन पोरं आणि आमचे नाना. आता गंमत बघा, रेल्वे बघायलासुद्धा आपल्याला चारचाकी काढावी लागते! जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुके मिळून एक स्टेशन नाही.

नारायणगावहून ओतूरमार्गे माळशेजला आलो. घाटात चहा पिताना पोरांना सांगितलं, "देशातली पहिली रेल्वे इथूनच वर चढायची होती." पोरांना वाटलं पप्पा फेकतायत. पण ही खरी गोष्ट आहे. १८४० च्या दशकात जी.आय.पी. रेल्वे कंपनीचा मूळ बेत मुंबईहून कल्याण आणि तिथून माळशेज घाटाने देशावर यायचा होता. घाट चढून वर आलं की मढ, ओतूर, आळेफाटा. म्हणजे आपलंच अंगण. त्यात नवल काहीच नाही. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कोकणातला माल नाणेघाटाने जुन्नरलाच चढत होता.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, पुढच्या वर्षी कल्याणला पोचली. पण तोवर मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी घाटांची पाहणी केली होती. माळशेजची चढण रेल्वेला झेपणारी नाही असं ठरलं आणि थळ व बोर हे दोन घाट निवडले गेले. नाशिक आणि पुणे रेल्वेवर आले, मधलं जुन्नर राहिलं.

घाट उतरून मुरबाड-म्हसा करत नेरळ गाठलं. तिथं जुनं वाफेचं इंजिन ठेवलंय, पोरं त्याच्याभोवती फिरून दमली. माथेरानची ही दोन फुटी रुळांची गाडी १९०७ साली सुरू झाली. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला, मुलगा अब्दुल हुसेन यांनी लाईन उभी केली. खर्च सोळा लाख. २००५ च्या पुरात रूळ वाहून गेले, २०१९ च्या पावसातही तेच झालं. पण २०२२ मध्ये नेरळहून गाडी पुन्हा वर गेली. ठरवलं की होतं!

मुक्काम करून सकाळी उतरलो आणि खोपोलीवरून खंडाळ्याला आलो. बोर घाट म्हणजे काय सोपा होता का? १८५६ ला काम सुरू, १८६३ ला पूर्ण. पंचवीस बोगदे. एका वेळी चाळीस हजारांच्या वर मजूर राबत होते. पटकी आणि तापाने किती गेले त्यांची नावंही कुठं नाहीत. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ ला इथं येऊन थोड्याच दिवसांत वारले, तर त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ठेका पुढे चालवला. एका जागी वळायला जागाच नव्हती, तर तिथं स्टेशन काढून इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकाला लावलं आणि गाडी उलट्या दिशेने पुढे नेली. अडचण आली म्हणून पुणं सोडलं नाही.

शेवटी पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय. १९९८ पासून सुरू आहे. दिवे मालवून गाड्या सुटल्या की मोठी माणसंही पोरं होतात. धाकटी मात्र काचेला नाक लावून म्हणाली, "पप्पा, यात आपलं नारायणगाव कुठंय?"

चाकणच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकलो तेव्हा तेच डोक्यात होतं. पुणे-नाशिक सेमी हायस्पीडचा सुमारे २३५ किलोमीटरचा मार्ग राजगुरुनगर, मंचर, नारायणगाववरून आखला होता. मोजण्या झाल्या, शेतकऱ्यांचा विरोधही झाला. मग खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीला अडथळा होईल म्हणून तो मार्ग बाजूला ठेवला आणि शिर्डी-अहिल्यानगरचा पर्याय पुढे आला.

जीएमआरटी आपला अभिमान आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना, जगभरातले शास्त्रज्ञ त्या वापरतात. तिला धक्का लावा असं कुणीच म्हणत नाही. पण दुर्बीण वाचवायची म्हणजे दोन्ही तालुकेच वगळायचे, हे कसं? मार्ग थोडा सरकवून, बोगद्यातून नेऊन किंवा दुसऱ्या तंत्राने जमतंय का, याचा अभ्यास झाला असेल तर तो लोकांसमोर ठेवा. झाला नसेल तर आधी करा. आणि ज्यांची जमीन जाणार, त्यांच्याशी भावाचं आधी बोला.

टोमॅटो-कांद्याचे ट्रक, पुण्याला शिकायला जाणारी पोरं, रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचे पेशंट, सगळा भार एका हायवेवर आहे.

पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. आमच्या गावात मी मांडणार आहे. नाना म्हणाले, "मी येतो, पहिली सही माझी."

#जुन्नर_आंबेगाव_रेल्वे